नऊ महिने बंद असलेलं आर्च, वर मी घाईत गिम्प टाकलं

चिपळूणचा_पेंग्विन
18 ऑक्टोबर 2025, रात्री 10:40

मंडळी, मदत हवी आहे. चिपळूणच्या घरी डेस्कटॉप आहे, त्यावर आर्च लिनक्स (रोलिंग, म्हणजे ठराविक आवृत्त्या नसून सतत अपडेट होत राहणारं) आणि केडीई (खिडक्या-मेनूंचा भाग). मी पुण्याला असतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं अपडेट करून बंद केला होता, तो आज धनत्रयोदशीला उघडला. मधल्या काळात बाबांनी त्यावर जुनी चादर टाकून ठेवली, तेवढीच देखभाल.

सुरू केल्यावर आधी तारीखच चुकीची. मदरबोर्डवरचा बटण सेल मेलाय. त्यामुळे एकही मिरर (पॅकेजं उतरवायचा सर्व्हर) उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेटची बोंब. तारीख हाताने लावली. मग ‘कम्युनिटी’ नावाच्या रेपॉझिटरीवर (पॅकेजांच्या साठ्यावर) 404, म्हणजे सापडतच नाही. एका व्हिडिओत पाहून पॅकमनच्या (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या फाइलीत, पॅकमन.कॉन्फमध्ये, त्या ओळींपुढे # लावून त्या बंद केल्या. बहिणीला शुभेच्छापत्र करायला नवीन गिम्प (चित्रांचा प्रोग्रॅम) हवं होतं, म्हणून ‘सुडो पॅकमन -एसवाय गिम्प’ मारलं. (मोबाइलवरून लिहितोय, कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, समजून घ्या.)

गिम्प आलं. पण उघडत नाही, ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणतं. मग घाबरून -एसवाययू मारलं, तर तीनशे साठ पॅकेजं, 2.9 जीबी. अर्ध्यांच्या डिजिटल सहीवर (पॅकेज खऱ्या पॅकेजरचंच आहे याची खूण) ‘अननोन ट्रस्ट’ म्हणून थांबलं. अजून काही बिघडलेलं नाही, मशीन बंद केलेलं नाही. स्नॅपशॉट (मागे जाता यावं म्हणून जपलेली सिस्टमची स्थिती) वगैरे काही नाही, डिस्कवर साधी ईएक्सटी4 फाइलसिस्टम. काय करू? फॉरमॅट मारून नवीन टाकू का?

खिडकीबाहेर
18 ऑक्टोबर, रात्री 10:52

डेबियन स्टेबल (क्वचित बदलणारं लिनक्स) टाका, दोन वर्षं बघू नका. झालं.

टर्मिनल_तात्या
18 ऑक्टोबर, रात्री 10:58

अहो, त्यात काय एवढं. पॅकमन.कॉन्फमध्ये सिग्लेव्हल नेव्हर करा, सह्याबिह्या बघणारच नाही तो. आणि गिम्पला जी लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) हवी तेवढी एकटी टाका.

सह्याद्री_रूट
18 ऑक्टोबर, रात्री 11:15

पेंग्विन, थांब. तात्यांचं ऐकू नकोस, तात्या माफ करा. फॉरमॅटची काही गरज नाही.

आधी काय झालंय ते समजून घे. -एसवाय म्हणजे रेपॉझिटरीतल्या पॅकेजांची यादी ताजी करणं. -यू म्हणजे मशीनवरचं सगळं त्या यादीच्या पातळीवर आणणं. तू यादी ऑक्टोबरची आणलीस, मशीन जानेवारीचं ठेवलंस आणि त्यात एक ऑक्टोबरचं गिम्प बसवलंस. ते गिम्प ऑक्टोबरच्या लायब्ररींच्या भरवशावर बांधलेलं आहे, तुझ्याकडच्या लायब्ररी जानेवारीच्या. आर्चवाले याला अर्धवट अपडेट म्हणतात, आणि ते चालणार नाही असं त्यांच्या विकीवर स्वच्छ लिहिलेलं आहे. आता एकेक लायब्ररी टाकत बसलास, तर कधीतरी हात अर्धं मशीन जिच्यावर उभं आहे अशा लायब्ररीपर्यंत जाईल. मग साध्या कमांडीही चालतील याची खात्री नाही.

याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मधल्या नऊ महिन्यांत काही नवीन पॅकेजर आले, काहींच्या किल्ल्यांची मुदत वाढली, आणि तुझ्या मशीनला त्यांची ओळख नाही. म्हणून ‘अननोन ट्रस्ट’. हे मुद्दाम ठेवलेलं कुलूप आहे, बिघाड नाही. सिग्लेव्हल नेव्हर म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवणं.

तेव्हा आधी ‘पॅकमन -एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग’ आणि त्याला लागूनच ‘पॅकमन -एसयू’. एरवी हे काम एक टायमर परस्पर करत असतो, पण बंद मशीनवर तो काय करणार.

दुसरं काही करण्याआधी ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ करून घे. तारीख हाताने लावलीस, पण लाइट गेली की पुन्हा मागे जाईल. सहीची तारीख घड्याळाच्या पुढची निघाली तरी पॅकमन ती नाकारतो.

चिपळूणचा_पेंग्विन
18 ऑक्टोबर, रात्री 11:50

किल्ल्यांचं झालं, धन्यवाद! पण लाइटचं म्हणालात तेच होतंय. संध्याकाळपासून दोनदा गेली. इन्व्हर्टर आहे, बॅटरी म्हातारी आहे. आणि नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. मध्येच गेलं तर?

गोंयकार_सर्व्हर
19 ऑक्टोबर, रात्री 12:10

डाउनलोड आणि बसवणं ही दोन कामं वेगळी करा. आमच्याकडे पेडण्यालाही हेच हाल असतात, म्हणून मी नेहमी असंच करतो. ‘पॅकमन -एसयूडब्ल्यू’ म्हणजे फक्त उतरवून कॅशमध्ये ठेवतो, काहीही बसवत नाही. रात्रभर चालू द्या, तुटलं तर पुन्हा तीच कमांड, आलेलं परत आणत नाही. सकाळी लाइट स्थिर असेल तेव्हा -एसयू. नेट नसलं तरी चालतं, पाच-दहा मिनिटांचं काम.

फक्त मधल्या वेळेत एकही पॅकेज सुटं टाकू नका. यादी ताजी झालेली आहे, साध्या -एस ने टाकलंत तरी पुन्हा गिम्पचाच प्रकार.

लाइट गेली आणि ती नेमकी कर्नल (सिस्टमचा गाभा) बसवताना गेली तर मशीन उठणार नाही, पण डेटा कुठे जात नाही. आर्चचा पेनड्राइव्ह तयार ठेवा. त्यावरून सुरू करायचं, डिस्क माउंट करायची, आर्च-क्रूट करायचं (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरायचं), उरलेलं अपडेट तिथून पुरं करायचं. ‘डीबी.एलसीके’ नावाची कुलूप-फाइल मागे राहिली असेल तर ती पुसायची, पण पॅकमन खरंच चालू नाही ना हे बघून.

सुप्रिया_न्यूर्नबर्ग
19 ऑक्टोबर, रात्री 1:20

इथे अजून रात्रीचे दहाच वाजलेत म्हणून लिहिते. मी ओपनसुसे टम्बलवीड या रोलिंग लिनक्सवर आहे, 2014 च्या नोव्हेंबरात ओपनसुसेची फॅक्टरी ही विकासाची शाखा आणि टम्बलवीड एक झाले त्याच्या थोडं नंतरपासून. आमच्याकडे रूट (मुख्य सिस्टम) बीटीआरएफएस या स्नॅपशॉट घेता येणाऱ्या फाइलसिस्टमवर असतं आणि ते सांभाळणारं स्नॅपर आधीच बसवलेलं येतं. दर ‘झिपर डप’च्या (म्हणजे पूर्ण अपडेटच्या) आधी आणि नंतर स्नॅपशॉट. बिघडलं तर बूट मेनूत कालचा स्नॅपशॉट निवडायचा, ठीक चाललं की ‘स्नॅपर रोलबॅक’. चहा उतू जायच्या आत काम होतं.

नव्या लोकांची आमच्याकडची चूक म्हणजे ‘झिपर अप’ करत राहणं. टम्बलवीडला ‘डप’च लागतं, कारण प्रत्येक वेळी तुम्ही टम्बलवीडच्या अख्ख्या नव्या संचावर जात असता.

आर्चवरही हे करता येतं, पण हाताने मांडावं लागतं. पेंग्विन, पुढच्या वेळी इन्स्टॉल करशील तेव्हा ईएक्सटी4 च्या ऐवजी बीटीआरएफएस घे.

खिडकीबाहेर
19 ऑक्टोबर, सकाळी 8:05

एवढं सगळं करायचं ते कशासाठी? रोलिंगवाल्यांना एक्सझेडचा (फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजचा) धडा पुरला नाही वाटतं. मार्च 2024 मध्ये मागचं दार (चोरून आत यायची वाट) असलेली त्याची 5.6.0 आणि 5.6.1 कोणाच्या मशीनवर पोचली होती? तुमच्याच. डेबियन स्टेबलवर नाही.

सह्याद्री_रूट
19 ऑक्टोबर, सकाळी 9:30

खिडकीबाहेर, मुद्दा बरोबर आहे, टाळत नाही. टम्बलवीडवर पोचली, डेबियनच्याच सिड या अस्थिर शाखेवर पोचली, आर्चवरही होती. फक्त आर्चचं एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीशी थेट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तेव्हा माहीत असलेल्या वाटेने आत येता आलं नसतं. पण ते आमचं शहाणपण नव्हे, योगायोग. ती पकडली अँड्रेस फ्रॉइंड यांनी, तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या चौकशीतून. ते डेबियन सिडवर काम करत होते. कोणीतरी पुढे राहून वापरतं म्हणून तुमच्या स्टेबलपर्यंत ते आलं नाही, हेही मोजा.

आणि बाबांचा मशीन वर्षातून दोनदा उघडणार असेल तर डेबियनच बरं, हे मीही म्हणेन. ज्या मशीनपाशी कोणी बसत नाही त्यावर रोलिंग ठेवू नये. पण आत्ता प्रश्न हातातला आहे.

चिपळूणचा_पेंग्विन
19 ऑक्टोबर, सकाळी 10:10

डाउनलोड रात्रीत झालं. आत्ता -एसयू मारलं, सह्या सगळ्या ठीक, आणि मग हे:

लिनक्स-फर्मवेअर-एनव्हिडिया: /यूएसआर/लिब/फर्मवेअर/एनव्हिडिया/एडी103 एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम

अशा तीन-चार ओळी आणि बंद. गंमत म्हणजे माझ्याकडे एनव्हिडियाचं कार्डच नाही! साधं इंटेल आहे.

टर्मिनल_तात्या
19 ऑक्टोबर, सकाळी 10:14

--ओव्हरराइट आणि पुढे * . या वेळी तरी ऐका.

सह्याद्री_रूट
19 ऑक्टोबर, सकाळी 10:20

तात्या!!

पेंग्विन, आर्चच्या मुख्य पानावर बातम्या असतात, त्या उघड. जून 2025 ची बघ. लिनक्स-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फाइली) या एका थोरल्या पॅकेजचे तुकडे केले, एनव्हिडियाचा वेगळा, एएमडीचा वेगळा, असे. आणि त्याच वेळी मूळ फर्मवेअरवाल्यांनी एनव्हिडियाच्या फोल्डरांची मांडणी बदलली. काल जे फोल्डर होतं तिथे आज सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा). असा बदल पॅकमनला एका दमात जमत नाही. कार्ड असो-नसो, फर्मवेअर सगळ्यांच्याच डिस्कवर असतं, म्हणून तुलाही आलं.

उपाय बातमीतच आहे. ‘पॅकमन -आरडीडी लिनक्स-फर्मवेअर’, म्हणजे जुनं काढायचं, अवलंबून असलेल्यांची पर्वा न करता. आणि लगेच ‘पॅकमन -एसयू लिनक्स-फर्मवेअर’. बातमीत -एसवाययू आहे, पण तू उतरवून ठेवलंयस म्हणून वाय नको. या दोन कमांडींच्या मध्ये रीस्टार्ट करायचं नाही. चहाला उठायचं नाही. लाइट बघ आणि कर.

ओव्हरराइट * ने काय झालं असतं? कदाचित काही नाही. कदाचित दुसऱ्या कुठल्या फाइलींवरची भांडणंही त्यात मुकाट दडपली गेली असती आणि सहा महिन्यांनी भूत म्हणून उठली असती. पॅकमन ज्यावर अडतो ते वाचायचं असतं.

अजून एक. सुरू करण्याआधी ‘फाइंडमाउंट /बूट’ बघ. बूटचं पार्टिशन माउंट नसेल तर नवा कर्नल त्या रिकाम्या फोल्डरात जाऊन बसतो आणि मशीन उठतं जुन्या कर्नलवर, ज्याची मॉड्यूल्स तोवर पुसली गेलेली असतात. मग व्हीफॅटचंच मॉड्यूल सापडत नाही म्हणून बूट माउंट होत नाही, आणि बूट माउंट होत नाही म्हणून दुरुस्त करता येत नाही. मी या चक्रात एक अख्खा रविवार घातलाय.

निवृत्त_अभियंता
19 ऑक्टोबर, सकाळी 11:00

सह्याद्री, तुमचा मुद्दा पटला. माझं वय 71. मी आर्चवर आधारित एक वितरण वापरतो. 2022 च्या ऑगस्टात ग्रबचं (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) अपडेट आलं आणि सकाळी मशीन उठेना. ग्रबचं पॅकेज नवं झालं होतं, पण डिस्कवर बसवलेला ग्रब जुनाच, आणि नवीन केलेली कॉन्फिग त्याला कळेना. ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवायचं होतं. नात सांगत होती, आजोबा, फोरम वाचा आधी. मी वाचलं ते दुसऱ्या मशीनवरून, बिघडल्यानंतर. तेव्हापासून रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की आर्चची बातमी, मग ‘चेकअपडेट्स’, मग अपडेट. शनिवारी रात्री कधीच नाही.

सह्याद्री_रूट
19 ऑक्टोबर, सकाळी 11:25

काका, अगदी हेच. मी 2011 पासून आर्चवर आहे. 2012 ला सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू करणारी नवी व्यवस्था) आलं, 2013 च्या जूनमध्ये /बिन, /एसबिन या फोल्डरांतलं सगळं /यूएसआर/बिनमध्ये हलवलं. ज्यांनी बातमी न वाचता --फोर्स मारलं त्यांच्या मशीनची काय दशा झाली ते तेव्हाच्या फोरमवर बघितलंय. इतक्या वर्षांत अपडेटने माझं मशीन फार तर तीन वेळा पाडलं. अपडेट अर्धं सोडल्यामुळे किती वेळा पडलं ते मोजलेलंच नाही. कर्नल बदलून रीस्टार्ट न केल्याने पेनड्राइव्ह लागत नाही, ही तर दर महिन्याची तक्रार. लोक पेनड्राइव्ह बदलतात, रीस्टार्ट करत नाहीत.

गोंयकार_सर्व्हर
19 ऑक्टोबर, सकाळी 11:40

माझाही एक अनुभव. जुलै 2024, ओपनएसएसएच 9.8. पणजीच्या एका ऑफिसातल्या मशीनचं अपडेट घरून एसएसएचवरून केलं, खिडकी बंद केली, पुन्हा लॉगिन करायला गेलो तर घेईना. चालू असलेलं जुनं एसएसएचडी अपडेटनंतर नवीन जोडणी स्वीकारत नव्हतं, सर्व्हिस रीस्टार्ट करायला हवी होती. बातमीत लिहिलेलं होतं. मी ती पणजीच्या बसमध्ये बसून वाचली.

चिपळूणचा_पेंग्विन
19 ऑक्टोबर, दुपारी 12:35

झालं! सगळी पॅकेजं बसली. मधे लाइट एकदा फडफडली तेव्हा आईने देवाला हात जोडले, मी इन्व्हर्टरला. कर्नल 6.12 वरून 6.17. रीस्टार्ट झालं, लॉगिनचा पडदाही आला.

पण लॉगिन होत नाही. पासवर्ड घेतो, पडदा काळा होतो, परत लॉगिनवर. पासवर्ड चुकला तर तसं सांगतो, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे.

सुप्रिया_न्यूर्नबर्ग
19 ऑक्टोबर, दुपारी 12:50

तू एक्स11 च्या (पडदा रंगवायची जुनी पद्धत, नवी म्हणजे वेलँड) सेशनवर होतास का?

चिपळूणचा_पेंग्विन
19 ऑक्टोबर, दुपारी 12:53

हो. मुद्दाम. वेलँडवर बाबांचा मराठी कीबोर्ड चालत नव्हता. ते इनस्क्रिप्ट मांडणीवर टाइप करतात, एफसीआयटीएक्स5 या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून.

सुप्रिया_न्यूर्नबर्ग
19 ऑक्टोबर, दुपारी 1:05

मग तेच. ही पण जूनचीच बातमी आहे, फर्मवेअरच्या एक दिवस आधीची. केडीईच्या प्लाझ्मा 6.4 पासून केविनचे (खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे) दोन भाग झाले, वेलँडचा आणि एक्स11 चा. आर्चने अपडेटमध्ये फक्त वेलँडचा दिला. एक्स11 हवं असेल तर ‘प्लाझ्मा-एक्स11-सेशन’ स्वतः टाकावं लागतं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ3 ने टर्मिनलवर जा, लॉगिन कर, ते टाक. किंवा, आणि मी हेच सुचवेन, लॉगिनच्या पडद्यावर सेशन वेलँड निवड आणि आत गेल्यावर सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात व्हर्च्युअल कीबोर्ड शोध. तिथे एफसीआयटीएक्स5 निवडायचं. केडीईच्या वेलँडवर इनपुट मेथड केविन स्वतः सुरू करतो, ऑटोस्टार्टमधून नाही. लोकांचं मराठी इथेच अडतं. बंगळूरच्या माझ्या भावाचं असंच अडलं होतं आणि तो चार महिने मोबाइलवर टाइप करून स्वतःलाच मेल पाठवायचा.

जीटीके_आयएम_मॉड्यूल वगैरे ओळी एन्व्हायर्नमेंटच्या फाइलीत घातल्या असशील तर त्याही काढून बघ, वेलँडवर एफसीआयटीएक्स स्वतःच त्याबद्दल तक्रार करतो.

चिपळूणचा_पेंग्विन
19 ऑक्टोबर, दुपारी 2:20

सुप्रियाताई, जिंकलो! वेलँडवर गेलो, व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये एफसीआयटीएक्स5 निवडलं, हे आत्ता डेस्कटॉपवरूनच लिहितोय. बाबांनी ‘ज्ञ’ आणि ‘ऱ्य’ टाइप करून तपासलं, पास. गिम्पही उघडलं, बहीण कंदील काढत बसली आहे.

आता ‘पॅकडिफ -ओ’ ने अकरा .पॅकन्यू फाइली (सेटिंगच्या फाइलींच्या नव्या मूळ प्रती) दाखवल्या. सगळ्यांना ओव्हरराइट म्हणू का?

सह्याद्री_रूट
19 ऑक्टोबर, दुपारी 2:31

नको!! पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप या वापरकर्त्यांच्या फाइली यादीत असतील तर त्यांना हातही लावू नकोस. त्यांच्या .पॅकन्यूमध्ये तुझं नावच नसतं. एका सहकाऱ्याने तिथे ओ दाबलं आणि स्वतःच्याच मशीनमधून स्वतःला हाकललं.

बाकीच्या एकेक उघड, शेजारी-शेजारी ठेवून बघ. पॅकमन.कॉन्फची नक्की असेल. तुझं ‘कम्युनिटी’ तिथूनच आलं. ती रेपॉझिटरी 2023 च्या मे महिन्यात एक्स्ट्रामध्ये विलीन झाली, तेव्हाच .पॅकन्यू आली असणार आणि तू ती पाहिली नाहीस. पुढे दोन वर्षं रिकामी यादी ठेवली होती म्हणून कोणाचं अडलं नाही. 1 मार्च 2025 ला तीही काढली. मिररलिस्टची जुनीच ठेव किंवा रिफ्लेक्टर या साधनाने भारतातले मिरर नव्याने घे.

आणि ‘पॅककॅश -आर’ चालव, प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवून बाकी पुसतो. सगळी कॅश पुसू नकोस, मागे जायची वेळ आली तर त्यातल्याच जुन्या आवृत्त्या कामाला येतात. ‘लिनक्स-एलटीएस’ (जास्त काळ सांभाळला जाणारा कर्नल) पण टाकून ठेव, बूट मेनूत दुसरा कर्नल असू दे.

एयूआरमधून (वापरकर्त्यांनीच दिलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून) काही टाकलं होतंस का? ते पॅकमन सांभाळत नाही. ‘पॅकमन -क्यूएम’ ने यादी बघ. जे उघडणार नाही ते पुन्हा बिल्ड कर, आणि करताना पीकेजीबिल्ड (बिल्डची कृती लिहिलेली फाइल) वाच. याच जुलैत फायरफॉक्सच्या नावाने तिथे रिमोट अ‍ॅक्सेसचा ट्रोजन टाकला होता कोणीतरी, दोन दिवसांत काढला.

चिपळूणचा_पेंग्विन
19 ऑक्टोबर, सायंकाळी 6:15

एयूआरचं एकच होतं, प्रिंटरचा ड्रायव्हर. पुन्हा बिल्ड केला, छापतोय. अकरापैकी शॅडो सोडून दहा फाइली बघून झाल्या. बाजारातून बटण सेल आणला, बसवला.

बाबा विचारतायत, ते रविवारचं मी केलं तर चालेल का? ते टर्मिनलला घाबरत नाहीत, त्यांना इंग्रजी बातमी वाचायचा कंटाळा आहे.

निवृत्त_अभियंता
19 ऑक्टोबर, सायंकाळी 6:40

बाबांना सांगा, मी दर रविवारी वाचतोच. काही विशेष असेल तर इथे दोन ओळी मराठीत टाकीन. ‘मॅन्युअल इंटरव्हेन्शन’ हे शब्द दिसले की त्या आठवड्यात त्यांनी थांबायचं आणि तुम्हाला फोन करायचा.

टर्मिनल_तात्या
19 ऑक्टोबर, सायंकाळी 6:52

काका, मलाही टॅग करत जा. माझ्या मशीनवर सिग्लेव्हल कधीपासून नेव्हर आहे ते आत्ता बघितलं. बोलायला नको.